घंटी ओझ्याच्या सायकलची

आपल्याकडे सायकलवरून काय जात नाही? दुधाच्या किटल्या जातात, पावाच्या टोपल्या जातात, पहाटेचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे जातात. मुंबईच्या डबेवाल्यांची सायकल पाहिलीत तर मागे कॅरियरवर डबे, हँडलच्या डाव्या-उजव्या बाजूला डबे, आणि मधे कुठेतरी माणूस. गॅसची टाकी, गवताचा भारा, चादरींचे गठ्ठे, भंगाराची पोती, सगळ्यांना सायकलनं वाहून नेलं आहे. मोटारसायकली आल्या, टेम्पो आले, तरी ओझ्याची सायकल काही रस्त्यावरून गेलेली नाही. उलट तिच्यात नवी भर पडली. पाठीवर चौकोनी पेटी बांधून घरोघर खाणं पोचवणारी मुलं आली. चाकाच्या दोन्ही अंगांना पिशव्या लावून आठ-आठ दिवस कोकण किनाऱ्यानं भटकणारी हौशी मंडळी आली.

या सगळ्या सायकलींवर एक छोटीशी वस्तू असते, निदान असायला हवी. ती म्हणजे घंटी. सायकल विकत घेताना आपण टायर दाबून बघतो, ब्रेक ओढून बघतो, सीट वरखाली करून बघतो. घंटी मात्र दुकानदार जी लावील ती, आणि जिथे लावील तिथे. रिकाम्या सायकलला हे चालून जातं. ओझ्याच्या सायकलला चालत नाही. ते का, आणि मग घंटी निवडावी कशी, बसवावी कुठे, याचा आज थोडा विचार करू.

घंटी हा ब्रेकचाच भाग

आधी थोडं गणित मांडू. सायकल ताशी १५ किलोमीटर वेगानं चालली आहे असं समजा. हा काही फार वेग नव्हे, सपाट रस्त्यावरचा रोजचा वेग आहे. म्हणजे दर सेकंदाला सायकल सुमारे सव्वाचार मीटर पुढे जाते. समोर कुणी आडवं आलं, तर ते डोळ्यांना दिसून बोटांनी ब्रेक आवळेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात सव्वाचार मीटर संपले. त्यानंतर ब्रेक लागतो. चालवणारा ६५ किलोचा आणि सायकल २० किलोची धरली, ब्रेक बऱ्यापैकी असले, तर आणखी साडेतीन मीटरवर ती थांबेल. एकूण पावणेआठ मीटर.

आता हाच माणूस २० लिटरच्या दोन किटल्या घेऊन निघाला आहे. दूध आणि किटल्या मिळून सुमारे ५० किलो वजन वाढलं. आवळणारा हात तोच, ब्रेकचं रबर तेच, रोखायचं वजन मात्र दीडपटीहून जास्त. त्यामुळे ब्रेक लागल्यावरचं अंतर साडेतीनचं साडेपाच मीटर होतं, आणि एकूण हिशेब दहा मीटरच्या घरात जातो. त्यातून पाऊस असला, आणि रिम जुन्या पद्धतीची पोलादी असली, तर ओल्या रिमवर रबराची पकड निम्म्याहूनही कमी होते. मग पंधरा मीटरसुद्धा पुरत नाहीत.

दुसरी अडचण वळण्याची. रिकामी सायकल ऐन वेळी कशीही वळवून माणसाला चुकवता येते. ओझ्याची सायकल झटकन वळवली की ओझं एका बाजूला जातं आणि सायकल त्याच्यामागून. म्हणजे थांबायला उशीर, आणि चुकवायलाही वाव नाही. अशा वेळी चालवणाऱ्याच्या हातात एकच उपाय उरतो. पुढच्या माणसाला वेळेवर सांगणं.

हे वेळेवर म्हणजे किती आधी? पाठमोऱ्या माणसाला घंटी ऐकू आली, ती आपल्यासाठी आहे हे कळलं, त्यानं मान वळवली आणि एक पाऊल बाजूला घेतलं, यात सहज तीन सेकंद जातात. म्हातारं माणूस असलं तर जास्तच. तीन सेकंदांत आपली सायकल साडेबारा मीटर पुढे आलेली असते. आणि तो माणूस हललाच नाही, तर थांबायला दहा मीटर हातात हवेत. बेरीज केली तर पहिली घंटी २०-२५ मीटरवरून, म्हणजे सुमारे तीस पावलांवरून वाजली पाहिजे आणि तिथून ती ऐकू गेली पाहिजे.

म्हणूनच ओझ्याच्या सायकलची घंटी ही शोभेची किंवा सोयीची वस्तू नाही. ब्रेक जे काम उशिरा करणार, त्याची सुरुवात घंटी आधी करून ठेवते. गल्लीत चालणाऱ्या आजोबांना अशा सायकलचा नुसता धक्का लागला तरी मांडीचं हाड मोडू शकतं, आणि त्या वयात मोडलेलं हाड माणसाला अंथरुणाला खिळवतं. इकडे दूधवाल्याचं चाळीस लिटर दूध रस्त्यावर जातं, त्या दिवसाची कमाई जाते. दोन्ही गरिबांचीच नुकसानी.

कोणती घंटी घ्यावी

सायकलच्या घंटीचा शोध १८७७ साली बर्मिंगहॅमच्या जॉन रिचर्ड डेडिकोट यांनी लावला असं मानलं जातं. तेव्हापासून तिची रचना फारशी बदललेली नाही. धातूची एक वाटी, आणि तिच्यावर आघात करणारं काहीतरी. आघात कसा होतो यावरून आज बाजारात तिचे मुख्य दोन प्रकार मिळतात.

पहिला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, ट्रिंग ट्रिंग करणारा. अंगठ्यानं कळ दाबली की आतली दातेरी चक्रं फिरतात, त्यांच्याबरोबर एक पट्टी गरगर फिरते आणि पट्टीच्या टोकांना सैल बसवलेल्या चकत्या वाटीला आतून भराभर आपटतात. दुसरा प्रकार टोल्याचा. स्प्रिंगला लावलेली एक बारीक हातोडी असते. ती अंगठ्यानं मागे ओढून सोडली की वाटीवर एकच टोला पडतो आणि ‘टण्ण’ असा लांब नाद निघतो.

टोल्याच्या घंटीचा नाद गोड असतो आणि बोटाच्या एका झटक्यात वाजतो. बागेतल्या रस्त्यावर, शांत वस्तीत ती उत्तम. पण तिच्यात दोन उणिवा आहेत. खडबडीत रस्त्यावर हातोडी आपोआप हलते आणि घंटी उगाचच किणकिणत राहते. सतत किणकिणणाऱ्या घंटीकडे मग कुणी लक्ष देत नाही. शिवाय एकसुरी लांब नाद कुठल्या बाजूनं आला हे कानाला चटकन उमगत नाही. तुटक, खडखडीत आवाजाची दिशा लवकर कळते. म्हणून गर्दीच्या रस्त्यावर ओझं नेणाऱ्यानं ट्रिंग ट्रिंगवालीच घ्यावी. ती कानावर पडली की न बघताही ‘सायकल आली’ हे आपल्याकडे लहान मुलालाही समजतं.

वाटी केवढी असावी? वाटी मोठी तसा सूर खाली उतरतो, वाटीचा पत्रा जाड तसा सूर वर चढतो. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्‌झच्या, म्हणजे बऱ्याचशा वरच्या पट्टीतल्या आवाजाला सर्वांत तिखट असतो, आणि लहान घंट्या याच पट्टीत वाजतात. मात्र वय वाढतं तशी कानाची वरच्या पट्टीतली शक्ती आधी कमी होते. तरुण विक्रेत्याला दुकानात जी इवलीशी घंटी खणखणीत वाटते, ती सत्तरीच्या बाईंना रस्त्याच्या कोलाहलात ऐकू येईलच असं नाही. तेव्हा अगदी चिमुकली घंटी टाळावी आणि तळहातात भरेल एवढी वाटी घ्यावी. वाटी पितळेची किंवा पोलादाची असावी. प्लॅस्टिकची घंटी खेळण्यातली समजून सोडून द्यावी.

दुकानात एक सोपी परीक्षा करता येते. घंटी एकदा वाजवा आणि नाद किती वेळ रेंगाळतो ते ऐका. चांगल्या वाटीचा नाद हळूहळू विरतो, वाईट वाटीचा थप्पकन मरतो. मग सोबत्याला तीस पावलं लांब रस्त्यावर पाठमोरं उभं करा आणि वाजवा. त्यानं वळून पाहिलं तर घंटी घ्यावी.

भोंग्याचं काय, असं कुणी विचारील. गोव्यातला पोदेर, म्हणजे पाववाला, याची सायकल भोंग्याशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. पूर्वी तो खुळखुळणारी बांबूची काठी आपटत दारोदार यायचा. आता सायकलवरचा रबरी फुग्याचा भोंगा पों पों करतो आणि घराघरांतून माणसं पिशव्या घेऊन बाहेर येतात. पण त्या भोंग्याचं काम ‘या, मी आलो’ असं सांगण्याचं आहे. घंटीचं काम ‘जरा सरका’ असं सांगण्याचं. शिवाय भोंगा दाबायला अख्खा पंजा लागतो, म्हणजे हात ब्रेकवरून निघतो. विक्रीसाठी भोंगा जरूर ठेवावा. रस्त्यासाठी त्याच्या जोडीला घंटी हवीच.

बॅटरीवर चालणारे कर्कश हॉर्नही मिळतात. त्यांच्या आवाजानं माणूस दचकतो, आणि मोटारसायकल आली असं समजून भलतीकडेच उडी मारतो. परदेशांतसुद्धा या बाबतीत घंटीचाच आग्रह आहे. १९६८ सालच्या व्हिएन्ना इथल्या रस्ते-वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात, एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या सायकलला पुरेशा अंतरावर ऐकू जाईल अशी घंटी हवी आणि घंटीखेरीज आवाजाचं दुसरं साधन नको, असं म्हटलं आहे. ब्रिटनमध्येही २००४ पासून दुकानात नवी सायकल घंटीसकट विकण्याचा नियम आहे.

बसवावी कुठे

घंटी निवडणं सोपं आहे. चुका होतात त्या बसवताना. त्यासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हात मुठीवरून सुटता कामा नये, वाटीला कशाचाही स्पर्श होता कामा नये आणि आवाजाच्या वाटेत सामान येता कामा नये.

पहिली गोष्ट हाताची. पुष्कळ सायकलींवर घंटी हँडलच्या मध्याजवळ असते. ती वाजवायला हात मुठीवरून काढावा लागतो. नेऊन परत आणायला अर्धा-एक सेकंद जातो, म्हणजे दोन ते चार मीटर. तेवढा वेळ त्या हाताचा ब्रेक नाही. शिवाय हँडलला डबे टांगलेले असले तर एका हातानं ते सरळ ठेवणं किती कठीण, हे टांगणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून घंटी मुठीला अगदी लागून बसवावी. दोन बोटं ब्रेकवर आणि अंगठा घंटीच्या कळेवर, हे एकाच वेळी जमलं पाहिजे.

डावीकडे बसवावी की उजवीकडे? आपल्या रस्त्यांवर डावीकडेच बरी. आपण डाव्या बाजूनं चालतो, उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर काढून इशारा देतो. त्या वेळी हँडलवर डावाच हात असतो. गिअरची सायकल असेल तर मागच्या चाकाचे गिअर बहुधा उजव्या हाताशी असतात, त्या हाताला आणखी काम नको. आणि ओझ्याच्या सायकलवाल्याच्या दृष्टीनं तिसरं कारण सगळ्यांत मोठं. चढावर किंवा बाजारात तो सायकल हातानं ढकलत नेतो. तेव्हा तो सायकलच्या डाव्या अंगाला असतो, डावा हात मुठीवर आणि उजवा सीटवर किंवा सामानावर. डावीकडची घंटी त्याला चालतानाही वाजवता येते.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. घंटीची वाटी फक्त मधल्या खिळ्यावर तोललेली असते. तिची कड मोकळी थरथरते म्हणून ती वाजते. कडेला पिशवीचा पट्टा लागला, डब्याची कडी लागली, ब्रेकची तार टेकली, की नाद तिथेच दबतो. वाजणाऱ्या पितळी तांब्यावर हात ठेवला की जे होतं तेच. घरी रिकाम्या सायकलवर खणखणीत वाजणारी घंटी किटल्या लटकवल्यावर मुकी का होते, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. तेव्हा घंटी बसवताना रोजचं सामान चढवून मगच जागा ठरवावी. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावं. वाटीभोवती बोटभर जागा सगळीकडून मोकळी राहिली पाहिजे.

तिसरी गोष्ट आवाजाच्या वाटेची. प्रवासी सायकलींवर हँडलच्या पुढे मोठी पिशवी लावतात, त्यात नकाशा, पाणी, पैसे ठेवतात. घंटी त्या पिशवीच्या मागे दडली तर आवाज पुढे जात नाही. २,५०० हर्ट्‌झच्या सुराची एक लाट जेमतेम १४ सेंटिमीटर लांब असते. तिच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद अडथळा समोर आला की तिला वळसा घालणं जमत नाही, आणि अडथळ्यामागे आवाजाची सावली पडते. म्हणून घंटी पिशवीच्या माथ्यापेक्षा वर किंवा तिच्या बाजूला मोकळी असावी.

आता प्रत्यक्ष बसवणं. साध्या सायकलच्या हँडलची नळी मुठीपाशी २२.२ मिलिमीटर जाडीची असते, आणि बहुतेक घंट्यांची पट्टी त्याच मापाची असते. नव्या सायकलींत हीच नळी मध्यभागी ३१.८ मिलिमीटरपर्यंत जाड असते. तिथे साधी पट्टी बसत नाही. ती ताणून बसवण्याच्या फंदात पडू नये, पट्टी तुटते. मुठीजवळ जागा नसेल तर मूठ आणि ब्रेकचा खटका थोडे सरकवून जागा करावी, किंवा घंटी नळीच्या खालच्या अंगाला उलटी बसवावी. तशी ती अंगठ्याला सापडते आणि वरून येणाऱ्या सामानापासूनही वाचते.

पट्टीखाली जुन्या ट्यूबच्या रबराचा एक फेरा द्यावा. त्यामुळे पट्टी घसरत नाही आणि नळीवर चरा पडत नाही. रबराचं टोक वाटीला टेकणार नाही एवढं पाहावं. दोन्ही स्क्रू आलटूनपालटून थोडे थोडे आवळावेत. एकच स्क्रू घट्ट केला की पट्टी तिरकी बसते आणि पहिल्याच खड्ड्यात घंटी फिरते. शेवटी अंगठ्यानं घंटी जोरानं ढकलून पाहावी. ती हलली नाही तर काम झालं.

निगा आणि वापर

घंटीची निगा राखायला वर्षातून दोनदा दहा मिनिटं पुरतात, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा नंतर. नेहमीच्या घंटीची वाटी डावीकडे फिरवली की निघते. आतली धूळ जुन्या दातघासणीच्या ब्रशनं झाडावी. चक्रांच्या आसांना शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा. ग्रीस भरू नये, त्यात धूळ बसून चक्रं अडकतात. वाटीला आतून तेल लागलं असेल तर पुसून टाकावं. मग वाटी घट्ट बसवावी. सैल वाटी खरखरते, आणि रस्त्यात सायकल उभी असताना पोरं ती सहज फिरवून घेऊन जातात.

वाजवण्याचीही एक रीत आहे. आवाज अंतराबरोबर फार झपाट्यानं कमी होतो. अंतर दुप्पट झालं की त्याची तीव्रता चौथाई उरते. म्हणून तीस पावलांवरची पहिली घंटी भरपूर वाजवावी, आणि जवळ आल्यावर, हवीच असेल तर, एकदाच हलकी. अगदी पाठीशी येऊन जोरात वाजवली की माणूस गोंधळतो आणि नेमका सायकलपुढे येतो. पहिली घंटी वाजवली की लगेच पाय थांबवावेत आणि बोटं ब्रेकवर न्यावीत. समोरचा ऐकेलच असं धरून चालू नये. त्याला कमी ऐकू येत असेल, त्याच्या कानांत गाणी चालू असतील, तो मूल असेल. घंटी ही विनंती आहे, आणि विनंती नाकारली जाऊ शकते हे धरूनच वेग ठेवावा.

घंटीची मर्यादाही ओळखून असावं. काचा वर केलेल्या मोटारीत ती ऐकू जात नाही, ट्रकच्या चालकाला तर नाहीच नाही. त्यांच्यासाठी मागे लाल परावर्तक, रात्री पुढे-मागे दिवा आणि रस्त्याची आपली बाजू, हेच उपाय. ओझं मागे बांधताना परावर्तक त्याखाली झाकला जाणार नाही, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं.

आता एवढी एकच सवय लावून घ्यावी असं सुचवावंसं वाटतं. सकाळी सामान चढवून झालं, दोऱ्या आवळून झाल्या, की सायकल स्टँडवरून काढण्यापूर्वी दोन्ही ब्रेक एकदा आवळून पाहावेत आणि हात मुठीवरून न काढता घंटी एकदा वाजवावी. नाद मोकळा आला तर निघावं. दबका आला तर वाटीला काय टेकलं आहे ते तिथेच शोधावं. याला पाच सेकंद लागतात. घरातलं कुणी ओझ्याची सायकल चालवत असेल, तर आजच त्याच्या घंटीला एकदा हात लावून पाहा. ती हँडलच्या मध्यावर असली, तर एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ती मुठीजवळ सरकवून द्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)